अर्धवट उकडून घेताना: पाणी कधी फेकायचं, कधी ठेवायचं

टोप गॅसवर चढवायच्या आधी एकच गोष्ट ठरवायची, की हे पाणी शेवटी मोरीत जाणार की जेवणात. भाजी असो, कंद असो, तांदूळ असो नाहीतर तिसऱ्यो (शिंपल्या), अर्धवट उकडून घ्यायचं म्हटलं की बाकीचे सगळे प्रश्न ह्याच्यावरूनच सुटतात, पाणी किती घ्यायचं, गार पाण्यात टाकायचं की उकळत्या, झाकण ठेवायचं का, थांबायचं कुठे. लोक यूट्यूबवर मिनिटं शोधत बसतात, सुरण किती मिनिटं, भेंडे किती मिनिटं, आता तुकडा अर्ध्या इंचाचा आहे की एक इंचाचा ह्याच्यावर मिनिटं दुप्पट होतात, मग तो आकडा घेऊन करायचं काय?

पाणी फेकायचं ते जेव्हा आपल्याला नको असलेलं काहीतरी त्यात उतरवायचंय तेव्हा. किल्लातलं (बांबूच्या कोवळ्या कोंबातलं) विष, कारल्याचा कडूपणा, बटाट्यातली जादा साखर. पाणी ठेवायचं ते जेव्हा चवच पाण्यात उतरणार असते, तिसऱ्यो, अळसांदे (चवळीसारखे दाणे), शेवग्याच्या शेंगा वगैरे. आणि हिरव्या भाज्या ह्या दोन्हीत नीट बसत नाहीत, तिथे पाण्याचं काम फक्त झटकन उष्णता द्यायचं, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करूया.

हिरव्या भाज्या

अर्धा किलो भाजीला चार लिटर पाणी. हो, चारच, चुकून लिहिलेलं नाही. कारण भाजी टाकल्यावर पाणी गार पडतं आणि उकळी साधारण एका मिनिटाच्या आत परत यायला पाहिजे, नाही आली तर भाजी कोमट पाण्यात रेंगाळते, रंग जातो आणि मऊ पण विचित्र होते. एवढा मोठा टोप नसेल तर भाजीचे दोन-तीन भाग करा, तेच पाणी परत वापरता येतं. मीठ लिटरला दीड-दोन छोटे चमचे, पाणी उकळल्यावर टाकलं तरी चालतं.

वेळ मोजायची ती उकळी परत आल्यापासून. फरसबीला तीन मिनिटं, सोललेल्या मटारला दीड, फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन, गाजराच्या बारीक तुकड्यांना दोन, पालकाला दोन. आपण समुद्राकाठी राहतो म्हणून हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडतात, पाणी इथे १०० अंशालाच उकळतं. महाबळेश्वरला, म्हणजे १,३०० मीटरच्या वर, ते ९५-९६ लाच उकळायला लागतं, तेव्हा तिकडच्या नातेवाईकांना सांगताना थोडं वाढवून सांगा.

झाकण ठेवायचं नाही. भाजीचा हिरवा रंग क्लोरोफिलचा आणि त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो, आम्ल लागलं की तो सुटतो आणि रंग शेवाळी पडतो. तापल्यावर भाजीतलीच आम्लं बाहेर येतात, त्यातली काही उघड्या टोपातून वाफेबरोबर निघून जातात आणि उरलेली भरपूर पाण्यात पातळ होतात, म्हणून पाणी जास्त आणि टोप उघडा. सोलां (आमसुलं), चिंच, टोमॅटो, लिंबू, जे काही आंबट घालायचंय ते अगदी शेवटी. खायचा सोडा टाकला तर रंग हिरवागार राहतो खरा, पण भाजी बुळबुळीत होते आणि बी-१ आणि सी जीवनसत्त्वांची वाट लागते, मी तरी घालणार नाही.

झाऱ्याने काढली की लगेच बर्फाच्या पाण्यात. भाजीच्या वजनाएवढा बर्फ लागतो, अर्धा किलोला अर्धा किलो, आणि जेवढी मिनिटं उकळीत होती साधारण तेवढीच गार पाण्यात. नळाखाली धरून भागेल असं वाटतं पण एप्रिल-मेमध्ये आपल्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं, त्याने काय थांबणार शिजणं! बर्फ घरच्याच फ्रीजचा घ्या, मासळी बाजारातला बर्फ मासे गार ठेवायला असतो. गार झाली की चाळणीत निथळून सुती पंचावर पसरा, ओली भाजी कढईत टाकली की तेल उडतं आणि भाजी परतायच्या ऐवजी परत उकडते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, तांबडी भाजी. तिचा लाल रंग पाण्यात विरघळणारा आहे, उकळीत टाकली की सगळा रंग टोपात आणि हातात मळकट पाला. ती चिरून सरळ कांद्यावर घालायची, स्वतःच्या पाण्यातच शिजते. आणि ज्यांना सी जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर जातं ह्याची काळजी वाटते, ती जातात हे खरंच आहे, त्यांनी चाळणीत वाफवून घ्यावं, फक्त वेळ दीडपट धरावी.

कंद आणि कापां

जमिनीच्या वर वाढतं ते उकळत्या पाण्यात, जमिनीखाली वाढतं ते गार पाण्यात घालून गॅस पेटवायचा, हा साधा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. कंद जाड असतो, एकदम उकळत्यात टाकला तर बाहेरून गळतो तेव्हा मध्ये कच्चाच असतो. गार पाण्यापासून सुरू केलं की उष्णता हळूहळू आत जाते.

सुरणाची कापां करायची म्हणजे हे असं. सुरण सोलताना हात कोरडे ठेवा आणि तेल लावा, ओल्या हाताला जास्त खाजतो. अर्ध्या इंचाच्या आत जाडीचे काप करा, चांगले धुवा. टोपात काप बुडतील एवढं गार पाणी, चार-पाच सोलां आणि मीठ. सोलां नसतील तर चिंच चालेल पण सोलांनी रंगही छान येतो. गॅस मोठा, उकळी आली की मध्यम करा आणि पाचव्या मिनिटापासून सुरीचं टोक टोचून बघायला लागा. टोक अर्ध्यापर्यंत सहज जावं आणि मध्ये अडावं, तिथे बंद. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते तोंडाला आणि घशाला टोचतात म्हणून खाज येते, त्यामुळे हे पाणी कधीही रश्श्यात वापरायचं नाही, मोरीत. काप निथळून पूर्ण गार होऊ द्या, मग तिखट, हळद, मीठ लावून रव्यात घोळवून कमी तेलात मंद आचेवर भाजा, उरलेलं शिजणं तव्यावर होतं. तव्यावर शिजायला काही उरलंच नसेल तर काप उलटताना तुटतात, म्हणून थोडं कच्चं राहिलेलं बरं, पण सुरणाच्या बाबतीत शेवटी पूर्ण शिजलाच पाहिजे, कच्चट सुरण कौतुकाने खाणारा माणूस मला अजून भेटायचाय.

नीरफणसाची कापां उकडायची काहीच गरज नाही, पातळ कापा आणि सरळ तव्यावर. माडीचा कंद सुरणासारखाच करायचा.

बटाट्याचे फ्राइज करायचे तर बोटाएवढे काप धुऊन, गार पाण्यात घालून, लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर टाकायचं. आपलं माडाचं व्हिनेगर असेल तर उत्तमच. आम्लामुळे बटाट्याचे काप कडेने विरघळत नाहीत, आकार धरून राहतात, आणि वरवरची साखर पाण्यात निघून गेल्यामुळे तळताना बाहेरून काळे आणि आतून कच्चे असं होत नाही. उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं, निथळून पंचावर पूर्ण कोरडे, मग तळा.

ह्याच आम्लाचा उलटा परिणाम पण लक्षात घ्या. चवथीच्या खतखत्यात, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्श्यात, सोलां सुरुवातीलाच घातली तर सुरण, कणगां (हाही कंदच), मक्याचे तुकडे तासभर उकळत ठेवले तरी दगड. आधी कडक भाज्या अर्धवट शिजू द्यायच्या, मग मऊ भाज्या, मग वाटण आणि तेफळं, आणि सोलां त्याच्यानंतर. सुरण मात्र खाजरा आहे तेव्हा तो वेगळ्या टोपात सोलांबरोबर उकडून, पाणी फेकून, मग खतखत्यात सोडायचा, असं केलं की दोन्ही साधतं.

किल्ल, कारली, कुयरी

पावसाच्या सुरुवातीला बाजारात किल्ल येतात, बांबूचे कोवळे कोंब. इथे अंदाजपंचे करायचं नाही. कोवळ्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं, चिरल्यावर त्याच्यातून सायनाइड सुटतं, गंमत नाही ही. सुदैवाने ते उष्णतेने मोडतं आणि सायनाइड वाफेबरोबर उडून जातं किंवा पाण्यात उतरतं. म्हणून बाहेरची सालं काढून आतला पांढरा भाग जितका पातळ चिरता येईल तितका चिरा, रात्रभर पाण्यात ठेवा, मध्ये एकदा-दोनदा पाणी बदला. सकाळी ते पाणी फेकून ताज्या भरपूर पाण्यात उघड्या टोपात उकळा, खिडकी उघडी ठेवा. निदान वीस मिनिटं, मग ते पाणीही फेका. चव घेऊन बघा, कडू लागला तर परत नवं पाणी आणि परत उकळी. कडूपणा पूर्ण गेल्याशिवाय भाजीत घालायचा नाही. ह्या एका बाबतीत ‘अर्धवट’ हा शब्द विसरा, जास्त उकडला तरी किल्ल कुरकुरीतच राहतो, त्याची ती खासियत आहे.

कारली त्यामानाने सोपी. चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास, पिळून, उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं, पाणी फेकून परत पिळा. मला विचाराल तर कडूपणा सगळा काढायचाच असेल तर कारलं आणावं कशाला, पण घरात मुलं असतात.

कोवळ्या फणसाची कुयरी हाताला आणि सुरीला तेल लावून मोठ्या तुकड्यांत कापायची, मिठाच्या पाण्यात दाबलं की रेषा सुटायला लागतील इतपत उकडायची, चीक पाण्यावर येतो, पाणी फेकायचं, मग ठेचून फोडणीला. सुके बिबे म्हणजे वाळवलेले कोवळे काजूगर कडकडीत पाण्यात भिजत घालून रात्रभर ठेवले की साल चिमटीत निघून येते. टोमॅटोची साल काढायची तर बुडाला फुली मारून अर्धं ते एक मिनिट उकळीत, लगेच गार पाण्यात.

तिसऱ्यो

आता पाणी ठेवायची गोष्ट. आदोळीवर (विळीवर) तिसऱ्यो उघडणाऱ्या बायकांचा हात बघत राहावा असा असतो, आपल्याला ते जमत नसेल तर उकळीचा आधार घ्यायचा. आधी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून रेती सोडू द्या, चोळून धुवा, फुटलेल्या आणि हात लावूनही न मिटणाऱ्या आधीच काढून टाका. टोपात फक्त एक वाटी पाणी, त्याच्यापेक्षा जास्त नाही, मीठ अजिबात नाही कारण समुद्र त्यांच्या आतच असतो. पाणी उकळलं की तिसऱ्यो घाला, ह्यावेळी झाकण लावा, आच मोठी. तीन ते पाच मिनिटांत उघडायला लागतात, उघडतील तशा झाऱ्याने काढत जा, सगळ्या उघडायची वाट बघत बसलात तर पहिल्या उघडलेल्या रबर होतात. शेवटपर्यंत ज्या उघडल्या नाहीत त्या फेका, सुरीने उघडायचा हट्ट नको.

टोपात जे ढगाळ पाणी उरतं ते म्हणजे सगळी चव. पाच मिनिटं स्थिर ठेवा, रेती खाली बसते, मग सुती कापडातून वरचं वर गाळून घ्या आणि तळाचा चमचाभर सोडून द्या. सुक्यात खोबरं परतल्यावर पाण्याऐवजी हेच घालायचं, मीठ चाखूनच. गर लागलेली शिंपली ठेवायची, रिकामी टाकायची, आणि तिसऱ्यो मसाल्यात अगदी शेवटी दोन मिनिटं. अळसांदे किंवा शेवग्याच्या शेंगा उकडलेलं पाणी पण असंच हुमणात, म्हणजे नारळाच्या रश्श्यात, वापरायचं.

तांदूळ, आणि तांदळाच्याही आधी भात

पुलाव-बिर्याणीचा तांदूळ अर्धा तास भिजवून, वाटीला सहा-सात वाट्या खारट उकळतं पाणी, पाच ते सात मिनिटं. चौथ्या मिनिटापासून शीत चिमटीत दाबून बघा, मध्ये बारीकशी पांढरी कणी दिसली की लगेच रोळीत ओतायचं, एक मिनिटही उशीर नाही, कारण दमात पुढचं शिजायचं असतं. पाणी मोरीत.

उकड्या तांदळात हीच कल्पना सालासकट केलेली असते. पेजेचा तांदूळ उकडा, कुरमुऱ्यांचा तांदूळ उकडा, पण तो होतो कसा हे आता घरोघरी दिसत नाही, म्हणून शेत असलेल्यांसाठी जरा नीट लिहितो. ज्योती, जया, कुठल्याही जातीचं भात, म्हणजे सालासकट धान, घ्या. पाण्यात घालून वर तरंगणारं पोचट काढून टाका. तांब्याच्या भाणात नाहीतर मोठ्या टोपात भात, वर तीन-चार बोटं पाणी, चुलीवर हात घालवणार नाही इतकं तापवा, सत्तर अंशाच्या आसपास, उकळू द्यायचं नाही. मग चूल काढून झाकून रात्रभर ठेवा. काही जण गार पाण्यातच दोन-तीन दिवस भिजवतात, त्याने आंबूस वास येतो, गरम पाण्यात एका रात्रीत काम होतं.

सकाळी भिजवलेलं पाणी काढून टाका. तळाला थोडंच पाणी ठेवून, वर ओलं गोणपाट टाकून वाफ काढा. वरच्या थरातल्या दाण्यांची सालं टोकाला फुटायला लागली की झालं. एक दाणा सोलून मोडून बघा, आतून काचेसारखा सगळीकडे सारखा दिसला पाहिजे, पोटात पांढरा ठिपका असेल तर वाफ मधोमध पोचली नाही, अजून थोडा वेळ द्या. ह्या वाफेत दाण्यातला स्टार्च फुगून एकजीव होतो, दाण्याला पडलेल्या चिरा बुजतात, म्हणून गिरणीत उकडा तांदूळ सुरयपेक्षा, म्हणजे न उकडलेल्यापेक्षा, कमी तुटतो.

वाळवण्यात सगळं जिंकतं नाहीतर हरतं. वायंगणाचं (उन्हाळी पिकाचं) भात उन्हाळ्याकडे निघतं तेव्हा ऊन कडक असतं, आणि कडक उन्हात एकदम वाळवलं तर दाणा आतून तडकतो, एवढं उकडून गिरणीत कण्याच मिळतात. पातळ पसरा, सारखं पायाने फिरवा, हाताला ओल लागेनाशी झाली पण दाताखाली अजून चिवट आहे अशा वेळी ढीग करून सावलीत काही तास झाकून ठेवा. आतली ओल बाहेर येते. मग परत पसरून दाताखाली टक् असा मोडेपर्यंत वाळवा, ओल साधारण १४ टक्क्यांवर आलेली असते. गिरणीत न्यायच्या आधी एक-दोन दिवस पोत्यात राहू दे. सरदीचं (पावसाळी पिकाचं) भात काढायला पाऊस परत येतो तेव्हा मात्र पडवी मोकळी असल्याशिवाय उकडायला घेऊच नका.

ह्या खटाटोपाचं फळ नुसतं चवीत नाही. भिजताना आणि वाफेत कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत सरकतं, मग पॉलिश केलं तरी बरंचसं टिकतं. १९०५ च्या सुमाराला क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर नावाच्या डॉक्टरने काही रुग्णांना पांढरा तांदूळ आणि काहींना उकडा दिला होता, बेरीबेरी, म्हणजे बी-१ कमी पडल्याने होणारा आजार, झाला तो पांढरा तांदूळ खाणाऱ्यांना. जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता.

फ्रीजरसाठी

फ्रीजर भाजीतले एन्झाइम थांबवत नाही, फक्त मंद करतो, म्हणून कच्चे भेंडे तसेच कोंबले की महिन्या-दोन महिन्यांत वाळक्या गवताचा वास येतो. उकळीतून काढले की एन्झाइम मरतात. अर्धवट काढले, म्हणजे मिनिटभरच बुडवून, तर मात्र ते उलट जास्त कामाला लागतात, न उकडण्यापेक्षा वाईट, तेव्हा वेळ पूर्ण द्या. आपले सात शिरांचे लांब भेंडे असतील तर देठ कापताना आतल्या बियांचं भोक उघडं पडू देऊ नका, अख्खे चार मिनिटं, लहानांना तीन, मग बर्फाच्या पाण्यात, कोरडे करून ताटात सुटे सुटे गोठवा आणि मग पिशवीत भरा, नाहीतर एक मोठा गोळा मिळतो. पावसात वीज जाते तेव्हा फ्रीजर उघडून बघायचा मोह टाळायचा, गच्च भरलेला असेल तर तो बराच वेळ गार राहतो. एकदा बर्फ सुटून मऊ पडलेली भाजी परत गोठवू नका, त्याच दिवशी संपवा.

चिकन-मटण अर्धवट उकडून उद्यासाठी ठेवणं मला अजिबात पटत नाही. मधला भाग कोमट राहतो, ५ ते ६० अंशांमध्ये जंतू वेगाने वाढतात, त्यामुळे उकडलं तर लगेच पुढे तव्यावर किंवा रश्श्यात जाऊन पूर्ण शिजलं पाहिजे.

आणि राजमा. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचं विष असतं, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करायला पुरतात, आणि ८० अंशाच्या आसपास नुसता कोमट-गरम ठेवला तर ते कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. म्हणून हा स्लो कुकरमध्ये कच्चा टाकायचा नाही. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळा किंवा सरळ प्रेशर कुकरला लावा, त्याच्यानंतर मसाल्यात मंद आचेवर हवा तेवढा वेळ ठेवा.